पॅन नंबर तीन, सोहार

बियाण्याची गिरणी परवाच बसली.
बेअरिंग दुबईहून यायचं, ट्रक सीमेवर अडलेला,
आणि तीन नंबरच्या पॅनमध्ये चाळीस टन पाक
काचेसारखा नितळ,
औषधाला दाणा नाही.

मगदूम म्हणाले, बी नाही तर नाही.
वारणेकाठी शिकलो तवा कुठलं बी?
वाट बघायची. पाकाला आपलं आपण सुचतं.

मी प्रयोगशाळेतून वही घेऊन खाली आले होते.
इतक्या अंशांना, इतक्या दाट पाकात
पहिला रवा धरायला लागणारा वेळ :
अकरा हजार वर्षं.
दोनदा तपासलं. अकरा हजारच.
दोशंबे हसला. म्हणाला, माझी पाळी सहाला संपते.

बाहेर ऑगस्टची दमट रात्र
खिडकीच्या काचेवर ठिपके धरत होती.
तिला काहीही चालतं, धूळ, ओरखडा, कुणाच्या बोटाचा ठसा.
पाकाला आत टेकायला काही नव्हतं.
समुद्रावर मासेमारांचे चार दिवे,
मग तेही गेले.

चूक तीनच्या सुमारास सापडली,
पृष्ठऊर्जेच्या रकान्यात.
आकडा मी हॅण्डबुकातून उचललेला :
कुणीतरी, कुठल्यातरी गार खोलीत, पंचवीस अंशांवर,
खडीसाखरेच्या ऐसपैस, सपाट अंगाचा काढलेला.
इथे बहात्तर अंश.
आणि इथे जे काही होऊ बघतंय
त्याला अंगच नाही अजून.
पन्नास-साठ रेणू, सगळे उंबऱ्यावर उभे,
घरात कोणी नाही.
ज्याला आत नाही
त्याच्या बाहेरची किंमत
भिंतीच्या दराने कशी लावायची?

उष्णतेनं कड सैलावते.
लहानपणानं आणखी सैलावते.
फार नाही, दहात दोन.
पण हा आकडा घनात चढतो
आणि वर जाऊन घातांकात बसतो.
तिथून दहातले दोन म्हणजे
अकरा हजार वर्षं
आणि चहा निवेपर्यंतचा वेळ.

मगदुमांना सांगितलं. त्यांनी मान हलवली,
पाहुण्यांच्या पोरीनं पाढा म्हटल्यावर हलवतात तशी,
आणि व्हॅक्यूम वाढवला.
काटा चार अंश उतरला.
आता कड थोडी घट्ट होईल, मी म्हटलं.
होऊ दे की.
भूक त्याच्या दसपट वाढंल.

का कोण जाणे, कॅम्पातली भिशी आठवली.
तिघांची सुरू झाली, विरली.
पाच जणांची, एकाला रजा मिळाली, विरली.
जूनमध्ये तर कोणी नाव काढेना,
त्या उकाड्यात माणूस शब्दाला चिकटत नाही.
मग नववा आला, हर्णैचा वेल्डर, उस्मान पावसकर,
त्यानं काही विशेष केलं नाही, नुसते पैसे भरले.
त्यानंतर भिशी कोणी जमवली नाही,
ती वाढत गेली.
नऊच का, हे मला काढता आलेलं नाही.

तीन एक्केचाळीस.
मगदुमांनी सळई ओढली, थेंब काचेवर घेतला,
ट्यूबलाइटकडे तिरका धरला.
बघा.
मला दिसेना.
काचेकडं नका बघू, काचंतनं बघा.
आणि मग दिसलं, किंवा आधीपासून दिसत होतं :
पिठाची धूळ, पण चमकणारी,
पहाटेच्या रेतीसारखी,
इतकी की मोजायला गेलं तर हात थांबावा.

किती जुळले असतील, किती सुटले असतील
या एकेकासाठी, मी वहीत मांडू लागले.
तोवर त्यांनी पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला होता.

हे कशाला?
आता नवा दाणा नको.
मागनं येईल त्याला वाढायला जागा नसती,
चाळणीतनं गळून मळीत जातो.

दोशंबेनं नोंदवहीत वेळ लिहिली.
पॅन घुमायला लागला होता, जड, खालच्या आवाजात.
बेअरिंग गुरुवारी येईल म्हणाले.